गेला, येतो आणि जायलो

मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर वाटा फुटतात. धुळे-सोलापूर महामार्ग इथून पुढे जातो. पाटोद्याकडून आलेला रस्ता त्याला छेदून केज-अंबाजोगाईकडे वळतो. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या अशाच वाटांनी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कुणाला विचारावे, तर उत्तर येते, "कारखान्याला जायलोत."

हेच 'जायलोत' विद्यार्थ्याच्या निबंधात आले की आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढतो आणि वर 'जात आहोत' असे लिहितो. ही रेघ आम्हीही वर्षानुवर्षे ओढली आहे. आता ती कशाच्या बळावर ओढली, याचा हिशेब द्यावासा वाटतो.

'जाणे' या क्रियापदाकडेच पाहू. वर्तमानकाळी 'जातो', भूतकाळी मात्र 'गेला'. एकाच क्रियापदात दोन धातू नांदत आहेत : पहिला संस्कृत 'या', दुसरा 'गम्'. 'गत'चे प्राकृतात 'गअ' झाले, त्याला 'इल्ल' प्रत्यय लागला आणि 'गेला' सिद्ध झाले. हिंदीत 'जाना-गया', गुजरातीत 'जवुं-गयो' अशीच जोडी आहे. कोकणीने वर्तमानासाठी 'व्रज्'पासून आलेला 'वच' धातू घेतला. भूतकाळात तीही 'गेलो'वरच येते. नियमाच्या कसोटीवर 'गेला' हे केवढे अनियमित रूप! तरी त्याखाली कुणी रेघ ओढत नाही.

पुढची गंमत युरोपात आहे. जर्मन 'कोमेन', डच 'कोमन' आणि लक्झेंबर्गी 'कोमेन' ही एकाच क्रियापदाची तीन घरे आहेत, अर्थ 'येणे'. या शब्दाचे आणि आपल्या 'गम्'चे मूळ एकच. म्हणजे ज्या धातूने तिकडे माणूस येतो, त्याच धातूने इकडे तो 'गेला' होतो. यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. शब्द वाटेला लागला की अर्थही चालू लागतो. आपल्याकडे तर निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे असा संकेत आहे; कारण 'गेला' या शब्दाला मरणाचा स्पर्श आहे.

या तीन भाषांपैकी लक्झेंबर्गीकडे जर्मनची एक बोली म्हणून दीर्घकाळ पाहिले गेले. 1984 च्या कायद्याने ती त्या देशाची राष्ट्रभाषा ठरली. त्या दिवशी तिच्या क्रियापदांत काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती बोलणाऱ्यांची पत. बोली आणि भाषा यांतली सीमा व्याकरण आखत नाही, समाज आखतो, याचा याहून स्वच्छ दाखला कोणता?

'जायलो' हे रूप 'जायला लागलो' याचा संकोच असावा, असा आमचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, या रूपाला स्वतःची शिस्त आहे : मी जायलो, ती जायली, आम्ही जायलोत; तसेच करायलो, बोलायलो. याला अशुद्ध म्हणणे हा व्याकरणाचा निर्णय नव्हे, तो प्रतिष्ठेचा निर्णय आहे.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. अर्ज, परीक्षा, न्यायालय यांसाठी ती लागते, आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला ती इतरांहून अधिक लागते. परंतु 'जात आहोत' हे 'जायलोत'च्या शेजारी लिहावे, त्याला खोडून नव्हे. आधीच हंगामापायी ज्या मुलाची निम्मी शाळा बुडते, त्याची घरची भाषाही आपण चूक ठरवली, तर वर्गात परत यायला त्याच्यापाशी उरते काय?

तांबडी रेघ ओढण्यापूर्वी आपण एवढेच स्मरावे की 'गेला' हाही कधीकाळी कुणाच्या तरी बोलीतूनच आला आहे.