पाणिनी, बॅकस आणि अर्थाचा विसर

संस्कृत ही संगणकाला सर्वाधिक अनुकूल भाषा होय, हे विधान पुण्यातील परिसंवादांत इतके रुळले आहे की त्याला पुरावा देण्याची गरज वक्त्यांना वाटेनाशी झाली आहे. क्वचित आधार दिला जातो तो दोहोंचा : ‘बॅकस पद्धती’ला पाणिनीचेही नाव जोडावे ही इंगरमन यांची १९६७ची सूचना, आणि रिक ब्रिग्ज यांचा १९८५चा लेख.

इंगरमन यांची सूचना रचनेचे नियम लिहिण्याच्या संकेतपद्धतीपुरती आहे. अर्थाशी तिचा संबंध नाही. ज्या ‘अल्गोल ६०’साठी ही पद्धती वापरली गेली, तिच्या अहवालात रचना सूत्रबद्ध होती, अर्थ मात्र साध्या इंग्रजी गद्यात सांगितला होता. त्या गद्याच्या अन्वयार्थावरून वाद झाले आणि उरलेल्या संदिग्ध जागांची यादी कनूथ यांना १९६७मध्ये करावी लागली. आज्ञावलीचा अर्थ म्हणजे काय? तिच्याविषयी सिद्ध करता येणारी विधाने (हॉअर, १९६९), ती दर्शविते ते गणिती फलन (स्कॉट व स्ट्रेची, १९७१), की अंमलबजावणीच्या पायऱ्या (प्लॉटकिन, १९८१)? तेव्हा ‘यंत्रभाषा एकार्थी, काव्यभाषा अनेकार्थी’ हे आपल्या समीक्षकांचे लाडके द्वंद्वही तपासून घ्यावे लागेल. यंत्रभाषेची एकार्थता उपजत नसते. ती कष्टाने कमवावी लागते.

ब्रिग्ज अर्थाकडे वळतात हे खरे. परंतु संस्कृत ही सर्वोत्तम आज्ञाभाषा आहे, असे ते म्हणत नाहीत. शिवाय ते स्वीकारतात तो शाब्दबोध वैयाकरणांचा, क्रियाप्रधान. नैयायिक प्रथमान्त पदाच्या अर्थाला मुख्य विशेष्य मानतात, मीमांसक भावनेला. हा शतकानुशतके चाललेला वाद गाळून ‘भारतीय अर्थविचार’ एकमुखी ठरविणे म्हणजे त्या परंपरेचा गौरव नव्हे, तिची उपेक्षा होय.

खुद्द अष्टाध्यायीची अंमलबजावणीही निर्विवाद नाही. दोन नियमांत विरोध आल्यास कोणता लावावा हे सांगणाऱ्या १.४.२ या सूत्रातील ‘पर’ म्हणजे क्रमाने नंतरचा, असे सामान्यतः मानतात. अडचणीच्या स्थळी पतंजली त्याचा अर्थ ‘इष्ट’ असा घेतात. ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिजमधील प्रबंधात तो ‘उजवीकडचा’ असा आहे. २०२२मध्ये या प्रबंधाच्या बातम्या ‘कोडे सुटले’ अशा मथळ्यांनी आल्या. वाद कशाचा होता, हे फारसे कोणी विचारले नाही. शि. द. जोशी व रूडबर्गेन यांचे महाभाष्याचे खंड पुणे विद्यापीठानेच १९६८पासून प्रसिद्ध केले. परिसंवादांतील निबंधांत त्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला.