इंग्रजी हवीच, पण वाचता येणाऱ्या लेकराला

नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात कुठल्याही पारावर बसा, एक मत हमखास ऐकू येते: लेकराचे भले करायचे तर त्याला इंग्लिश स्कूललाच टाकावे, तेही नर्सरीपासून. सोयाबीनचा भाव पडो की कापूस वाळो, शाळेची फी आणि गाडीचे पैसे भरायचेच. याच्या नेमके उलट मत शहरी, शिकलेल्या मंडळींचे आहे. खेड्यातल्या मुलाला पहिलीपासून इंग्रजी कशाला? आधी मराठी पक्की होऊ द्या, इंग्रजी पाचवीपासून पुरे. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यांच्या ओढाताणीत पहिली-दुसरीतले मूल मात्र वाचायला शिकायचे राहून जाते.

आधी दुसरे मत घेऊ. मातृभाषेच्या कळवळ्यातून आलेले असले तरी त्याचा भार गरिबावरच पडतो. शहरातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी घरात, शेजारात, टीव्हीवर पडत असते. शेतमजुराच्या मुलीला ती भेटते फक्त शाळेत. शाळेनेच ती चार वर्षे पुढे ढकलली, तर नुकसान त्या मुलीचेच. पुढे नांदेड-लातूरला अकरावी सायन्सला गेल्यावर भौतिकशास्त्राचे जाड इंग्रजी पुस्तक समोर येते, तेव्हा हुशार पोरेही चाचपडतात. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हटले, ते ज्ञानाची दारे ज्यांना बंद होती त्यांच्या बाजूने. २००० साली महाराष्ट्राने सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. त्याआधी ती पाचवीपासून होती. तो निर्णय न्यायाचाच होता आणि तो मागे घेण्याचे काही कारण नाही.

पण इंग्रजी विषय म्हणून शिकणे वेगळे आणि सगळेच इंग्रजीतून शिकणे वेगळे. पहिल्या मताची गफलत इथेच होते.

बंजारा तांड्यावरच्या एखाद्या मुलीचे उदाहरण घ्या. ती घरी गोरमाटी बोलते. आईला याडी म्हणते, भाकरीला बाटी. शाळेतली मराठी हीच तिची दुसरी भाषा. तिला थेट इंग्रजी माध्यमात बसवले की ती फळ्यावरचे शब्द वहीत सुबक उतरवते, ‘ए-पी-पी-एल-ई ॲपल’ घडाघडा म्हणते. वही पाहून बाप खूश होतो. पण पुस्तकात नसलेला, तीनच अक्षरांचा नवा शब्द तिच्यापुढे ठेवा. ती शब्दाकडे बघत नाही, बाईंच्या तोंडाकडे बघते. तिने शब्दांची चित्रे पाठ केली आहेत. अक्षरातून आवाज आणि आवाजातून अर्थ काढायला तिला कुणी शिकवलेच नाही.

हे शिकायला देवनागरीसारखी सोपी वाट नाही. ‘क’ दिसला की ‘क’च म्हणायचे, काना आला की ‘का’. इंग्रजीत मात्र ‘ए’ हे एकच अक्षर कॅटमध्ये एक आवाज देते, केकमध्ये दुसरा आणि कारमध्ये तिसरा. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, एवढे एकदा ओळखीच्या भाषेत उमगले की मूल दुसऱ्या लिपीतल्या या लहरी समजून घेते. तेच उमगले नसेल तर दोन्ही लिप्या त्याला सारख्याच परक्या.

हा प्रश्न एकट्या हदगावचा नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. सरकारी-खासगी मिळूनही आकडा २७.१ टक्क्यांवरच थांबला. म्हणजे दुखणे पाटीवर ‘इंग्लिश’ लिहिण्याने जाणारे नाही.

पहिलीपासून इंग्रजी म्हटले की एक आक्षेप तयारच असतो: गुरुजींनाच इंग्रजी येत नाही, ते काय शिकवणार? पण पहिली-दुसरीला व्याख्यान द्यायचेच नाही. दार उघड, खडू आण, रांगेत उभे राहा, पाणी पिऊन ये, असल्या शे-दीडशे सूचना, गाणी आणि छोट्या गोष्टी रोज इंग्रजीतून कानावर पडल्या आणि मुलांनी त्या कृतीतून ओळखल्या, तरी पाया होतो. एवढी इंग्रजी कुठलाही मेहनती शिक्षक एका सुट्टीत आत्मसात करू शकतो. अडचण आहे ती त्याच्या वेळेची. ऑनलाइन माहिती भरण्यात त्याचा दिवस जातो आणि पहिलीचा वर्ग मोकाट राहतो.

मग करायचे काय, याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन विदुषी फलटणला आल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९७८ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांनी शाळा काढली ती मराठी माध्यमाची. इंग्रजीची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती. पण वाचनाचा पाया मुलाच्या भाषेतच पडतो, हे त्या जाणून होत्या.

हदगावात हेच असे करता येईल. पहिल्या दिवसापासून मुलाचे बोलणे फळ्यावर यावे. ‘याडी सोयाबीन काढायला गेली’ असे मूल म्हणाले तर गुरुजींनी तेच वाक्य लिहावे, त्यातली अक्षरे ओळखून घ्यावीत आणि मग शाळेच्या मराठीत ‘आई’ही शिकवावी. दोन वर्षे इंग्रजी फक्त कानाने आणि तोंडाने चालावी. मराठी सलग वाचता येऊ लागली की तिसरीत, तोंडात बसलेल्या शब्दांपासून, आवाजांच्या क्रमाने इंग्रजी वाचन सुरू व्हावे. पाठांतर घेऊ नये, स्पेलिंगची शिक्षा देऊ नये.

परक्या माध्यमाची किंमत मराठवाड्याने एकदा मोजलेली आहे. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत शिक्षणावर उर्दूचा पगडा होता आणि घरी मराठी बोलणारी कितीतरी पोरे शिक्षणाच्या दारातूनच परतली. दोष उर्दूचा नव्हता, समजण्याआधी लादण्याचा होता. आज तेच इंग्रजीच्या नावाने, पालकांनी स्वतः पैसे मोजून घडावे, हे मनाला लागते.

म्हणून पालकांनी शाळेची पाटी आणि गणवेश पाहू नये. मुलाच्या हाती त्याने कधी न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक द्यावे, एक पान वाचून घ्यावे आणि काय कळले ते विचारावे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात पालकांचेच बहुमत असते. त्या समितीने एकच हट्ट धरावा: गावातला सर्वांत चांगला शिक्षक पहिली-दुसरीला हवा आणि त्याला वर्गाबाहेरच्या कामाला कुणी जुंपायचे नाही. हे झाले तर तांड्यावरची मुलगी इंग्रजीही शिकेल, आणि पाठ करून नव्हे, वाचून शिकेल.