पोरके पिल्लू आणि माणसाची दया

अनाथ पिल्लू पाहून ज्याचे अंतःकरण द्रवत नाही, असा मनुष्य विरळा. घरट्यातून पडलेले चिमणीचे पिल्लू असो वा आईला मुकलेले मांजराचे पिल्लू असो, मुले त्याच्याकडे धाव घेतात, त्याला उचलतात, त्याच्या निवाऱ्याची सोय करतात. ही वृत्ती स्तुत्यच आहे. परंतु पोरके पिल्लू रानातील अस्वलाचे असेल, तर केवळ कळवळा पुरेसा पडत नाही. त्याला उचलून घरी आणणे सोपे असते; त्याला पुन्हा रानात स्वतःच्या बळावर जगण्यास समर्थ करणे अतिशय कठीण असते. भूतदयेची खरी कसोटी या कठीण कामातच लागते.

हिमालयाच्या रांगांत व ईशान्य भारतातील अरण्यांत काळे अस्वल आढळते. त्याच्या छातीवर चंद्रकोरीसारखा पांढुरका पट्टा असतो. अस्वलिणीला बहुधा दोन पिल्ले होतात. जन्मतः ती इतकी लहान असतात की, ओंजळीत मावावीत. त्यांचे डोळेही मिटलेले असतात. पुढे सुमारे दोन वर्षे ती आईच्या मागे मागे हिंडतात. कोणते फळ केव्हा पिकते, मुंग्या व अळ्या कोठे सापडतात, संकट आले असता काय करावे, हे सारे ज्ञान त्यांना आईच्या सहवासात मिळते. आई हीच त्यांची शाळा. मांसासाठी, औषधी समजल्या जाणाऱ्या पित्ताशयासाठी किंवा पिकांच्या नासाडीच्या रागाने आईची हत्या झाली की, ती शाळाच बंद पडते. मागे राहिलेले पिल्लू मग एखाद्या गावात दोरीने बांधलेले आढळते.

ज्यांनी ते आणलेले असते, त्यांच्या मनात दुष्टपणाच असतो असे नाही. ते त्याला भात भरवतात. मुले त्याच्याशी खेळतात. परंतु थोड्याच काळात पिल्लाची नखे व दात बळकट होतात. काल ज्याला कुरवाळले, त्याचीच आज भीती वाटू लागते. दोरीच्या जागी साखळी येते व साखळीच्या जागी पिंजरा. माणसाचे भय विसरलेले आणि रान न शिकलेले असे अस्वल ना गावाचे राहते, ना रानाचे.

ही अडचण ओळखून २००२ साली अरुणाचल प्रदेशातील पक्के येथील अरण्यात पोरक्या अस्वलांसाठी एक केंद्र सुरू झाले. राज्याचा वनविभाग व वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था यांचा त्यात पुढाकार होता. तेथील पद्धत साधी, परंतु चिकाटीची आहे. पिल्लू लहान असेतो त्याला दूध पाजतात. ते थोडे मोठे झाले की, सांभाळणारा त्याला रोज रानात फिरावयास नेतो. तो केवळ सोबत करतो. झाडावर चढणे, कुजलेले ओंडके उकरणे, फळे हुडकणे हे पिल्लू आपले आपणच शिकते. असे अनेक महिने चालते. हळूहळू ते दूर दूर जाऊ लागते. अखेरीस त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून त्याला मुक्त करतात व त्या पट्ट्याच्या साहाय्याने काही काळ त्याचा माग घेतात.

रशियातील त्वेर प्रांतात वालेंतीन पाझेत्नोव या शास्त्रज्ञाने याच कार्यासाठी निराळी रीत अवलंबिली. तेथे पिल्लांना माणसाची सवयच लागू नये म्हणून सांभाळणारे त्यांच्यापुढे बोलतही नाहीत. दोन्ही मार्ग वेगळे, पण ध्येय एकच. ज्याने पिल्लाला मायेने वाढविले, त्यानेच एके दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवावयाची असते. प्रेमाने जवळ घेणे पुष्कळांना साधते. प्रेमापोटी दूर होणे फार थोड्यांना साधते.

उशीर झाला तर काय होते, याचेही उदाहरण भारतातच आहे. पूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी दरवेशी अस्वल घेऊन येत आणि मुले त्याचा नाच पाहून टाळ्या पिटीत. ते अस्वलही एके काळी आईपासून हिरावलेले पिल्लू होते. त्याचे नाक टोचून त्यातून दोरी ओवलेली असे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही ही प्रथा कित्येक वर्षे चालू राहिली. पुढे अशा शेकडो अस्वलांना सोडवून आग्र्याजवळील व इतर ठिकाणच्या केंद्रांत आश्रय देण्यात आला. दरवेशी कुटुंबांनाही पोटापाण्याचे दुसरे उद्योग मिळवून देण्यात आले, हे विशेष चांगले झाले. परंतु त्या अस्वलांचे दात काढलेले होते आणि रानातील जगणे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांची दोरी सुटली. रान मात्र त्यांना परत मिळाले नाही.

काही जण विचारतात, मूठभर पिल्लांसाठी एवढा खटाटोप कशाला? विदर्भात मोहाची फुले वेचावयास गेलेली माणसे अस्वलाच्या हल्ल्यात जखमी होतात, त्यांची काळजी कोणी घ्यावी? हा प्रश्न रास्त आहे. जखमी माणसाला तत्काळ साहाय्य मिळालेच पाहिजे. परंतु पिल्लांना टाकून दिल्याने हल्ले कमी होत नाहीत. उलट, माणसाळलेले अस्वल अन्नासाठी वस्तीकडे वळते व अधिक धोक्याचे ठरते. शिवाय अस्वले फळे खातात व त्यांच्या विष्ठेतून बिया रानभर पसरतात. त्यातून नवी झाडे उगवतात. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ज्या पिल्लाची आई माणसाने मारली, त्याला सांभाळणे हा उपकार कसला? ते माणसावरचे ऋणच आहे.

सोडलेले प्रत्येक पिल्लू जगेलच असे नाही, हेही खरे. म्हणूनच पिल्लू पोरके होऊ न देणे हाच सर्वोत्तम उपाय होय. रानात एकटे पिल्लू दिसले, तर त्याची आई जवळपास असू शकते. त्याला हात न लावता मागे फिरावे व वनखात्याला कळवावे. जी दया प्राण्याला आपल्या दारी बांधून ठेवते ती अपुरी. जी त्याला त्याच्या घरी पोहोचविते तीच पूर्ण होय.