अमेरिकेचा अर्धाच धडा

बियाण्यांच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण असावे काय, असा प्रश्न निघाला की मुक्त बाजाराचे आपल्याकडील पुरस्कर्ते अमेरिकेकडे बोट दाखवतात. यादवी युद्धानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत तो देश औद्योगिक महासत्ता झाला तो भांडवलदाराला मोकळे सोडल्यामुळे, असे त्यांचे प्रमेय आहे. ज्या जालन्यात १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली, तेथे तरी या प्रमेयाची तपासणी व्हावयास हवी.

१८६२ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने पश्चिमेकडे वस्ती करणाऱ्यास नाममात्र शुल्कात १६० एकर देणारा कायदा केला, पॅसिफिक रेल्वेला जमिनीची खिरापत वाटणारा दुसरा केला आणि सरकारी जमिनीच्या पैशातून कृषिशिक्षण उभारणारा तिसरा. रेल्वे कंपन्यांच्या पदरात अशी सुमारे १३ कोटी एकर जमीन पडली. ती मुळात कोणाची, हे तेथील आदिवासींना विचारावे. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांच्या राखीव जमिनींचेही तुकडे पाडले. याला सरकारची अलिप्तता म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

बियाण्यांची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेचे शेतीखाते शेतकऱ्यांना बियाण्यांची पाकिटे फुकट पाठवीत असे. व्यापाऱ्यांना हे सलत होते. त्यांची संघटना १८८३ साली स्थापन झाली. १९२४ साली ती वाटणी बंद पडली.

शेतकरीही स्वस्थ बसला नव्हता. रेल्वे आणि शिकागोची धान्यकोठारे मनमानी दर आकारू लागली तेव्हा ग्रेंज चळवळीने राज्यांकडून दरनियंत्रणाचे कायदे करवून घेतले. ज्या खाजगी मालमत्तेत सार्वजनिक हित गुंतले आहे तिच्या दरांवर शासन नियंत्रण आणू शकते, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली मान्य केले. १८९० साली मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला. (तोच कायदा १९०८ साली टोपीकामगारांच्या संघटनेवर उलटवण्यात आला, हेही विसरू नये.)

आता जालन्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले यांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या पुसा सावनी भेंडीच्या बीजोत्पादनातून त्यांचा व्यवसाय वाढला, तो वाण दिल्लीच्या सरकारी कृषिसंशोधन संस्थेचा होता. संकरित कापसाचा पहिला व्यापारी वाण, एच-४, १९७० साली सुरतेच्या सरकारी केंद्रातून आला. पाया जनतेच्या पैशाचा होता. १९९८ साली मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १२५० रुपये केवळ जनुकाचे शुल्क म्हणून घेतले जातात, अशी तक्रार घेऊन आंध्र प्रदेश सरकार २००६ साली मक्तेदारी आयोगाकडे गेले. आयोगाने शुल्क वाजवी पातळीवर आणण्यास फर्मावले. पाकीट ७५० रुपयांवर आले. कंपन्या बुडाल्या काय? बीटीखालील क्षेत्र उलट वाढतच गेले. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाणे दराचा स्वतःचा कायदा केला, केंद्राने २०१५ साली आदेश काढला आणि २०१६ साली ते शुल्क ४९ रुपयांवर आले.

नियंत्रणामुळे संशोधन आटते, हा नेहमीचा आक्षेप. संशोधन फक्त नफ्यासाठीच होते असे गृहीत धरले तरच तो खरा. एच-४ ने ते गृहीत कधीच खोटे पाडले आहे. आणि जोखमीचे काय? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याची कपाशी पोखरली तेव्हा नुकसान पेरणाऱ्याचे झाले. शुल्क पेरणीपूर्वीच वसूल झाले होते.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एकेकाळी एनएचएच-४४ हा वाण दिला होता. अशा केंद्रांना माणसे आणि पैसा मिळावा. ज्यांचे बी घरी राखता येते असे सरळ वाण महाबीजमार्फत भोकरदन-अंबडच्या दुकानांत मृगापूर्वी पोचावेत. आणि संकरित पाकिटाचा दर ठरवण्याचा अधिकार शासनाने हातचा सोडू नये. या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी गावोगाव जावे.