न्याहारी सगळ्यांची, तशी तुमचीही

गेल्या महिन्यात मुलांच्या डब्यांविषयी लिहिले होते, त्यावर मैत्रिणींची बरीच पत्रे आली. बहुतेकींचा सूर एकच. "डब्याचं ठीक आहे हो, पण सातच्या आत डबाही करायचा, पाणीही भरायचं आणि वर गरम न्याहारी! हात किती आहेत आम्हाला?" तक्रार अगदी खरी आहे. मी स्वतः आठवड्यातून चार दिवस सकाळच्या शाळेत शिकवायला जाते, तेव्हा त्या वेळी घड्याळाचा काटा कसा पळतो ते मला कुणी सांगायला नको. म्हणून आज न्याहारीचेच बोलू.

झटपट न्याहारीची निम्मी तयारी रात्री झालेली असावी. रात्रीची भांडी आवरताना एक वाटी सालीची मुगडाळ आणि दोन चमचे तांदूळ भिजत घाला. सकाळी त्यात मिरची, आले, जिरे, मीठ घालून मिक्सरमधून काढले की धिरड्यांचे पीठ तयार. आंबवायची भानगड नाही, सोडा नाही. किसलेला दुधी, गाजर, चिरलेला पालक त्यात सहज खपतो. पालकाची भाजी पाहून नाक मुरडणारी मुले धिरड्यातला पालक निमूटपणे खातात, हा अनुभव तुम्हालाही येईल. धिरडी बिडाच्या तव्यावर घातलीत तर उत्तम. ताक किंवा टोमॅटो घातलेले आंबट पीठ असेल तर लोखंडाचा थोडा अंश अन्नात उतरतो, आणि तो आपल्याला हवाच आहे. का, ते पुढे सांगते.

भाजणीचा डबा घरात असला की निम्मी चिंता मिटते. आमच्या घरचे प्रमाण देते. ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी अर्धा किलो. तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ आणि उडीद प्रत्येकी पाव किलो. धने १०० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगवेगळे, मंद आचेवर भाजायचे. एकत्र भाजलेत तर तांदूळ कच्चा राहतो आणि डाळ करपते. धने-जिरे नुसते गरम करायचे. दळण किंचित भरड आणा. सकाळी कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून पीठ भिजवा, ओल्या फडक्यावर थापा आणि मध्ये भोके पाडून कडेने तेल सोडा. कांदा रात्री घालून ठेवू नका बरं का, पाणी सुटून पीठ सैल होते. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने थालीपिठाने पोट दुपारपर्यंत भरलेले राहते. वर घरचे लोणी किंवा दही असले की आणखी काही लागत नाही.

विदर्भातल्या मैत्रिणींना उकडपेंडी शिकवायला नको, पण इतरांनी ती जरूर करून पाहावी. जाडसर कणीक तेलावर खमंग भाजून बाजूला काढा. कांदा-मिरचीची फोडणी करून त्यात कणीक घाला, ताकाचा हबका मारत मोकळी वाफवा. रव्याच्या उपम्याला कंटाळलेल्या घरात तिचे चांगले स्वागत होते.

नाचणीचे तर काय सांगावे! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून नाचणीची बिस्किटे, नाचणीच्या शेवया चकचकीत पुड्यांतून दुकानात जास्तच दिसू लागल्या. कोकणातल्या आजींना याचे हसूच येत असेल. विकत घेताना पुडीच्या मागचा मजकूर वाचा. पहिले नाव मैद्याचे असेल तर ती पुडी खुशाल जागेवर ठेवा. त्यापेक्षा दोन चमचे नाचणीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवा आणि सकाळी उकळत्या पाण्यात ओतून पाच-सात मिनिटे ढवळा. मीठ, जिरे, ठेचलेली लसूण घातली की आंबील झाली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ज्या मुलांना दूध नको असते त्यांच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

पोहे सगळ्यांनाच येतात, त्यांची कृती देत नाही. फक्त शेंगदाण्यांना हात आखडू नका, मूठभर मोडाची मटकी घाला आणि लिंबू विसरू नका. दडप्या पोह्यांना तर फोडणीपुरताच गॅस लागतो. आठवी-नववीतल्या मुलांना ते नक्की जमतात. मुलींना म्हणत नाही, मुलांनाही!

आणि चहा-बिस्किट? ती न्याहारी नव्हे. एवढेच सांगते.

आता मुद्द्याचे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी घेरी येऊन खाली बसते. "काय खाऊन आलीस?" विचारले की उत्तर येते, "चहा." आणि "आई काय खाते?" विचारले तर, "आई नंतर खाते." हे नंतर म्हणजे किती वाजता ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. धुणी, केर, देवपूजा उरकून अकरा वाजता, कढईत उरलेले चार घास, तेही चहाबरोबर. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी भारतात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे हळदीकुंकवाला जमलेल्या दहाजणींपैकी पाचजणी तरी! याला कारणे अनेक आहेत, पण पोटात वेळेवर आणि पुरेसे न जाणे हे त्यातले मोठे.

त्यात चहा भर घालतो. धान्य-कडधान्यांतले लोह चहामुळे अंगी नीट लागत नाही. म्हणून खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यातल्या क जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त शोषले जाते. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळणारी आपली आजी अगदी शास्त्राला धरून वागत होती. जिना चढताना धाप लागत असेल, सारखे गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर मात्र नुसत्या लिंबावर राहू नका. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्या लागतील.

काही घरांत पूजा झाल्याशिवाय सुनेने तोंडात काही घालायचे नसते. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा पूजाच लवकर उरकायची सोय पाहा. ती घरातल्या दुसऱ्या कुणी केली तर देव नाही म्हणत नाही. तव्यावरची पहिली धिरडी सासूबाईंना द्या आणि दुसरी ताटली घेऊन त्यांच्याशेजारी बसा. जोडीने खाणाऱ्या सुनेला सहसा कुणी उठवत नाही. तेवढ्या वेळात तव्यापाशी "अहों"ना उभे करा. धिरडे उलटायला फार मोठी विद्या लागत नाही. उपासाच्या दिवशीही रिकाम्या पोटी चहावर चहा नको. साबुदाण्यापेक्षा राजगिऱ्याची लापशी किंवा वरईची धिरडी दाण्याच्या कुटाबरोबर खा.

भाजणीचे वर दिलेले प्रमाण चौघांच्या घराला महिनाभर सहज पुरते. पावसाळ्यात निम्मेच करावे, डबा कोरडा असावा आणि चमचाही. एवढे थोडे दळण वेगळे करून द्यायला गिरणीवाले कुरकुर करतात, तेव्हा शेजारणीला सोबतीला घ्या, भाजणे दोघींत वाटून घ्या आणि दळून आणल्यावर पीठ निम्मे निम्मे करा.