टक्केवारीच्या फलकामागील शाळा

दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. शंभर टक्के निकालाची परंपरा, गुणवंतांची छायाचित्रे, संस्थाचालकांचे अभिनंदन! त्याच सायंकाळी शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या शाळेचा निकाल साठ-पासष्ट टक्के लागल्याचे कानी आले, की आपण मान हलवून म्हणतो, "तिकडे शिकवतच नाहीत!" पुरावा न तपासता दिलेला हा निवाडा न्याय्य आहे काय?

मुळात या टक्केवारीचे मोल किती, ते पाहू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेण्यात आले आणि तो ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी ते गुण परत मिळाले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. त्या वर्षी तर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले! या चार वर्षांत महाराष्ट्राची बुद्धी एवढी वरखाली झाली काय? मुळीच नाही. बदलत होती ती मोजपट्टी. अशा पट्टीने शाळांची उंची मोजणे म्हणजे रबराच्या दोरीने जमीन मोजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. टक्केवारी काढताना केवळ परीक्षेस बसलेली मुले मोजली जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच असते; नववीत चाळणी लागते. कच्च्या मुलाला तेथेच थोपवायचे, नाहीतर पालकांना बोलावून सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला द्यायचा, म्हणजे ते बाहेरून परीक्षेला बसते आणि शाळेचा आकडा निष्कलंक राहतो. सर्वच शाळा असे करतात, असा आरोप नाही. पण फलक वाचताना 'पाचवीत आलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती पोहोचले?' हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुलेही त्यांच्यामागे जातात. भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेथे हंडा मुलीच्याच डोक्यावर येतो. अशा घरातील, शिकणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतील मुलगी पन्नास टक्क्यांनी उत्तीर्ण होते, तेव्हा तिच्या शिक्षकांनी किती अंतर पार केलेले असते! दोन शिकवण्या आणि शिकलेले आईबाप पाठीशी असलेल्या शहरी मुलाच्या नव्वद टक्क्यांत शाळेचा वाटा नेमका किती, हेही कोणीतरी मोजावे.

आपल्या बेफिकीर निवाड्याचे परिणाम होतात. शाळेची बदनामी झाली की ऐपत असलेला पालक मुलाला शहरात धाडतो आणि पट घटतो. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने तर हे निकष अधिकच कडक केले. मग गणिताला शिक्षक नाही, म्हणून निकाल घसरतो आणि बदनामी पुन्हा वाढते. हे दुष्टचक्र शेवटी कुलपापाशी थांबते.

मग सर्वच शाळा सारख्या चांगल्या मानायच्या काय? नाही. वर्गावर न जाणाऱ्या शिक्षकाने गरिबीच्या आड लपू नये. तुलना अवश्य व्हावी. पण मूल कोणत्या पायरीवर आले आणि शाळेने त्याला कोणत्या पायरीवर पोहोचवले, याची व्हावी. दाखल किती झाले, गळाले किती, बाहेरून बसवले किती, हे आकडेही त्याच फलकावर लावण्याचे धैर्य संस्थांनी दाखवावे.

या मातीला ही दृष्टी नवी नाही. कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वनवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवली. मूल शाळेत येत नाही, म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळाच मुलाकडे नेली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नामांकित मराठी शाळाही समाजातील कार्यकर्त्यांनीच उभ्या केल्या. तोच समाज आज तासाभराच्या अंतरावरील शाळांकडे पाठ फिरवणार काय?

सेवानिवृत्त गणित शिक्षकाला आठवड्यातून एक दिवस मुरबाडची एसटी धरता येईल. स्थलांतराच्या काळात मुलांना गावीच ठेवणारी वसतिगृहे कार्यकर्त्यांना उभारता येतील. पालकांनी पुढच्या वर्षी फलकासमोर उभे राहून एवढेच विचारावे: "यातून वगळलेली मुले कुठे आहेत?" ज्या शाळेकडे याचे उत्तर असेल, तीच शाळा चांगली!