गाड्या गेल्या, स्टेशन राहिलं

मुलांनो, एखाद्या स्टेशनात गाड्याच यायच्या थांबल्या, तर त्या इमारतीचं काय करायचं? हा प्रश्न मी चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा एकाने बसल्या जागेवरूनच उत्तर दिलं, "पाडून टाकायची!"

अमेरिकेतल्या पुष्कळ मोठ्या माणसांनाही तसंच वाटत होतं. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९१० साली सुरू झालं. भव्य दगडी खांबांची देखणी इमारत! पण १९६३ साली ती पाडायला घेतली. नंतर लोक फार हळहळले. पण हळहळून खांब थोडेच पुन्हा उभे राहतात?

मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरातलं युनियन स्टेशन मात्र वाचलं. ते सुरू झालं १ सप्टेंबर १८९४ रोजी. थिओडोर लिंक या वास्तुशिल्पकाराने ते एखाद्या जुन्या फ्रेंच किल्ल्यासारखं बांधलं. आत ६५ फूट उंच छताचं मोठं दालन आणि मागे प्रचंड छपराखाली एकाशेजारी एक ३२ रूळमार्ग! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये जसे रूळ संपतात, तसे तिथेही संपत. म्हणून गाड्या आधी पुढे जायच्या आणि मग मागे मागे सरकत स्टेशनात शिरायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे रोज सुमारे लाखभर माणसांची ये-जा असे.

दालनाच्या दाराशी एक कमान आहे. तिच्या एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, की दुसऱ्या टोकाच्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. मधल्याला काही कळत नाही! आवाज कमानीच्या वळणाला धरून पलीकडे पोचतो. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना ही गंमत लगेच समजेल.

पुढे लोक मोटारींनी आणि विमानांनी फिरू लागले. गाड्या कमी कमी होत गेल्या आणि ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी शेवटची गाडी सुटली. एका सिनेमावाल्यांना उजाड शहर दाखवायचं होतं, त्यांनी त्यातली काही दृश्यं याच रिकाम्या स्टेशनात चित्रित केली. आता बोला!

इमारतीचं नाव १९७० सालीच राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आलं होतं. पण नुसत्या नावावर भागत नाही हो. एवढ्या मोठ्या इमारतीची डागडुजी, झाडलोट, रंगरंगोटी, रखवाली... पैसे आणायचे कुठून? तिला काहीतरी काम मिळायलाच हवं होतं. ते मिळालं १९८५ साली. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून तिथे हॉटेल आणि दुकानं झाली. (मूळ स्टेशनाला ६५ लाख डॉलर लागले होते!) प्रवासी जिथे गाडीची वाट बघत, ते दालन हॉटेलचा दिवाणखाना झालं. रंगीत काचांची खिडकी जागच्या जागी राहिली. तिच्यावर तीन स्त्रिया आहेत : न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि सॅन फ्रान्सिस्को ही तीन शहरं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. हॉटेल चाललं, पण काही वर्षांनी दुकानांची गर्दी ओसरली, गाळे रिकामे पडले. पुन्हा तोच प्रश्न! तेव्हा पुन्हा नवं काम शोधलं. २०१९ साली तिथे मत्स्यालय सुरू झालं आणि बाहेर २०० फूट उंचीचा पाळणा उभा राहिला. जिथे इंजिनं धूर सोडत यायची, तिथे आता काचेपलीकडे शार्क पोहतात.